यंत्राचा अंदाज आणि पेरणीचा निर्णय

खरीप हंगामाचे यशापयश बहुतांशी पेरणीच्या आठ-दहा दिवसांत ठरते, हे कोरडवाहू भागातील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. रान तयार असते, बियाणे घरात येऊन पडलेले असते. अशा वेळी एखादा दमदार पाऊस होतो, शेजारच्या शिवारात पाभर चालू लागते, आणि मग हात आखडून बसणे कठीण होते. पुढे पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली म्हणजे उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे, खत, मजुरी आणि ट्रॅक्टरचे वा बैलांचे भाडे हा सारा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो, आणि तो बहुधा कर्ज काढूनच होतो. शिवाय पहिल्या वाफशाचे दिवस निघून गेलेले असतात, ते कोणत्याही कर्जाने परत मिळत नाहीत. पेरणीपूर्वीच पुढील तीन-चार आठवड्यांतील पावसाचा भरवसा कळावा, ही शेतकऱ्याची जुनी अपेक्षा आहे. गेल्या तीन-चार वर्षांत संगणकशास्त्रातील संशोधनाने ही अपेक्षा प्रथमच आटोक्यात आणली आहे. त्या संशोधनाचे स्वागत अवश्य झाले पाहिजे. परंतु ते गावापर्यंत कोणत्या रूपाने पोचते, ह्यावरच त्याचा खरा उपयोग अवलंबून राहील.

सन २०२५ चा पावसाळा ह्या दृष्टीने बोलका आहे. त्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी वारे नेहमीच्या १ जूनऐवजी २४ मे रोजीच केरळात पोचले. दोन दिवसांनी, २६ मे रोजी, ते मुंबईत येऊन थडकले. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून होय. राज्याच्या पुष्कळ भागांत मे महिन्याच्या उत्तरार्धातच ओढे-नाले वाहू लागले. रोहिणी नक्षत्रात रान भिजलेले पाहून पेरणीचा मोह न होणारा शेतकरी विरळाच. परंतु त्यानंतर मोसमी वाऱ्यांची पुढील वाटचाल जवळजवळ तीन आठवडे थबकली. राज्याच्या कृषि विभागाने पेरणीची घाई करू नये, असे त्या वेळी सांगितले होते. ज्यांनी ते ऐकले ते वाचले. पण न ऐकणाऱ्यास नुसते हट्टी म्हणणेही न्यायाचे होणार नाही. ‘मोसमी पाऊस आला’ ही बातमी त्यानेही ऐकली होती, आणि ती खोटी नव्हती. वेधशाळेच्या भाषेत मोसमी वारे येणे आणि शेतकऱ्याच्या भाषेत पावसाळा लागणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यास कोणी समजावून सांगितले नव्हते.

भारतात हंगामी पावसाचा अंदाज देण्याचा प्रयत्न नवा नाही. भारतीय हवामान खाते सन १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या अनुभवानंतर सरकारला अशा अंदाजाची निकड भासली. हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून पावसाळ्याचे भाकित करण्याचा मार्ग काढला व १८८६ साली पहिला रीतसर हंगामी अंदाज प्रसिद्ध झाला. पुढे १९०४ पासून १९२४ पर्यंत खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर ह्यांनी जगभरच्या वायुभाराच्या व उष्णतामानाच्या नोंदी गोळा केल्या. भारतातील पावसाशी त्यांचा संबंध आहे काय, हे त्यांनी कारकुनांकडून हजारो आकडेमोडी करवून घेऊन तपासले. पॅसिफिक महासागराच्या पूर्व व पश्चिम टोकांकडील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हा त्यांचा शोध ह्याच खटाटोपातून निघाला, आणि आज ‘एल निनो’ विषयी जे बोलले जाते त्याचा एक पाया तोच आहे. शेतीसाठी हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा पुणे येथे १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली, आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त देण्यात येऊ लागले. म्हणजे नोंद, हिशेब आणि प्रसार ह्या तीनही गोष्टींची परंपरा येथे जुनी आहे. उणीव होती ती हिशेबाच्या वेगाची.

ह्या वेगाचा प्रश्न किती अवघड होता, ह्याची कल्पना एका उदाहरणाने येईल. लुइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत असता, २० मे १९१० ह्या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन केवळ सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने सोडविले. हवेच्या हालचालींचे नियम पदार्थविज्ञानाने सांगितलेले आहेतच. ते आकड्यांत मांडले की उद्याचे हवामान निघालेच पाहिजे, असा त्यांचा विश्वास होता. उत्तर साफ चुकले. वायुभार सहा तासांत १४५ मिलिबारांनी बदलेल असे गणिताने सांगितले, प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. तरीही १९२२ साली त्यांनी ही चूक लपविली नाही, सर्व आकड्यांसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जगाच्या हवामानाशी बरोबरी राखून गणित करावयाचे तर चौसष्ट हजार माणसे एकाच वेळी आकडेमोड करीत बसवावी लागतील, असा त्यांचा हिशेब होता. पुढे १९५० साली अमेरिकेत ‘एनिॲक’ ह्या गणकयंत्रावर पहिला अंदाज काढण्यात आला, तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजास सुमारे चोवीस तासच लागले. अंदाज हाती येईतो उद्याचा दिवस उगवलेला असे.

भारतासही ह्या गणकयंत्रांची वाट पाहावी लागली. मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून ‘क्रे’ जातीचा महासंगणक १९८९ च्या सुमारास आला, परंतु मागितलेल्या क्षमतेपेक्षा कमी क्षमतेचाच मिळाला. ह्या नकारातूनच पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत डॉ. विजय भटकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वदेशी महासंगणकाचे काम हाती घेण्यात आले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडा येथे ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. त्यांच्या बळावर, मे २०२५ पासून, पुण्यातच विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरांच्या चौकटीने देशाचे हवामान मोजू लागली. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरांची होती. हा सर्व मार्ग रिचर्डसन ह्यांचाच होय. हवेचे नियम मांडावयाचे आणि प्रचंड यंत्राकडून ते सोडवून घ्यावयाचे.

सन २०२२-२३ पासून मात्र एक सर्वस्वी निराळा मार्ग पुढे आला आहे. गावातील एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याने चाळीस पावसाळे डोळसपणे पाहिलेले असतात. वारा कोठून सुटला, उकाडा किती, ढगांची ठेवण कशी, हे पाहून तो सांगतो, ‘अशा चिन्हांनंतर बहुधा असे होते.’ त्याने कोणतेही समीकरण सोडविलेले नसते. नव्या पद्धतीचे संगणक हेच करतात, फक्त ते एका शिवारापुरते नव्हे. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राने गेल्या अनेक दशकांचे साऱ्या पृथ्वीचे हवामान तासागणिक मांडून ठेवले आहे. त्यापैकी १९७९ ते २०१७ ह्या एकोणचाळीस वर्षांच्या नोंदी ‘ग्राफकास्ट’ नावाच्या प्रणालीस शिकविण्यात आल्या. आजची स्थिती अशी असता सहा तासांनी स्थिती कशी होती, हे तिने लक्षावधी वेळा ताडून पाहिले व त्यातून स्वतःच नियम बसविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्या संशोधनाचा निबंध प्रसिद्ध झाला. जे काम महासंगणकास तासभर वा अधिक गुंतवून ठेवीत असे, तो दहा दिवसांचा जागतिक अंदाज ही प्रणाली एका यंत्रावर एका मिनिटाच्या आत देते. १,३८० कसोट्यांपैकी सुमारे ९० टक्के कसोट्यांत ती जुन्या सर्वोत्तम पद्धतीपेक्षा सरस ठरली. त्याच वर्षी ‘पांगू’ ही चिनी प्रणाली, जुलै २०२४ मध्ये हवेचे नियम आणि शिकलेला अनुभव ह्यांची सांगड घालणारी ‘न्यूरलजीसीएम’, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एकाच सुरुवातीपासून अनेक संभाव्य अंदाज काढणारी ‘जेनकास्ट’, असे निबंध एकापाठोपाठ एक बाहेर पडले. युरोपीय केंद्राने तर स्वतःची अशी प्रणाली २५ फेब्रुवारी २०२५ पासून नित्याच्या कामात घेतली.

हे यश मोठे आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे मर्म वेगात नसून स्वस्ताईत आहे. शिकविण्याचे काम खर्चाचे. पण शिकलेली प्रणाली चालविण्यास महासंगणक लागत नाही. ह्यांपैकी काही प्रणाली सर्वांना खुल्या आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांनी त्या स्वतः चालवून आपापल्या विभागातील मागील वीस-पंचवीस पावसाळ्यांवर तपासाव्यात, ह्यात आता पैशाची अडचण मुख्य राहिलेली नाही. परक्याने तयार केलेले बियाणे थेट शेतकऱ्याच्या हाती न देता आधी प्रक्षेत्रावर लावून पाहण्याची शिस्त विद्यापीठांनी आजवर पाळली आहे. अंदाजाच्या यंत्रासही तीच शिस्त लावली पाहिजे.

कारण जाणत्या म्हाताऱ्याच्या मर्यादा ह्या यंत्रासही आहेत. जे त्याने पाहिले नाही ते त्यास सांगता येत नाही, आणि उष्ण होत चाललेल्या हवेत न पाहिलेले प्रसंग वाढत आहेत. अनेक शक्यतांची सरासरी काढण्याकडे ह्यांपैकी पुष्कळ प्रणालींचा कल असल्याने अतिवृष्टीचे आकडे ते सौम्य करून सांगतात. वर सांगितलेल्या १,३८० कसोट्या वारे, उष्णतामान, आर्द्रता व वायुभार ह्यांच्या होत्या, प्रत्यक्ष पडलेल्या पावसाच्या नव्हत्या. हे मूळ निबंधातच नमूद आहे, परंतु वर्तमानपत्री गौरवात ते सहसा येत नाही. शिवाय आजच्या हवेची स्थिती यंत्रास प्रथम सांगावी लागते. ती उपग्रह, फुगे, जहाजे व वेधशाळा ह्यांच्याच मोजणीतून, जुन्या पद्धतीच्या गणिताने सिद्ध होते. नवे यंत्र आल्याने जुनी वेधशाळा अनावश्यक झाली, असे जो म्हणेल त्याने विहीर खोदल्यावर झरा बुजविण्याचा सल्ला दिला असे समजावे.

भारतात ह्या विद्येचा पहिला मोठा प्रयोग २०२५ च्या खरिपात झाला. केंद्रीय कृषि मंत्रालयाने ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय केंद्राची प्रणाली आणि भारतीय हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदी ह्या तिन्हींचे मिश्रण करून, सलग पावसाळा आपल्या भागात केव्हा लागेल ह्याचा अंदाज चार आठवडे अगोदरपर्यंत देण्याची योजना केली. एम-किसान सेवेमार्फत १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना, मराठी धरून पाच प्रादेशिक भाषांत, हे संदेश गेले. मोसमी वारे मध्येच अडखळतील, हे ह्या अंदाजाने आधी ओळखले होते. पुढे मध्य प्रदेश व बिहारमध्ये किसान कॉल सेंटरमार्फत दूरध्वनीवरून विचारपूस करण्यात आली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी मशागत, पेरणीची वेळ, पीक वा निविष्ठा ह्यांत बदल केल्याचे सांगितले. संदेश वाचून सोडून दिला जातो, हा समज त्यामुळे खोटा ठरला. मात्र ‘निर्णय बदलला’ म्हणजे ‘फायदा झाला’ असे नव्हे. किती एकरांची दुबार पेरणी टळली, हा खरा आकडा होय, आणि पुढील विचारपूस त्याच दिशेने झाली पाहिजे.

येथे एक शंका सहज येईल. दोन आठवड्यांपलीकडचे हवामान नेमके सांगता येत नाही, असे एडवर्ड लॉरेन्झ ह्यांच्या १९६३ च्या संशोधनापासून शास्त्रज्ञच सांगत आले आहेत. मग चार आठवड्यांचा अंदाज कसा? उत्तर असे की, अमुक तारखेस अमुक गावी किती पाऊस पडेल, हे इतक्या आधी आजही सांगता येत नाही. परंतु ह्या आठवड्यात सलग पावसाळा लागण्याची शक्यता अधिक की पुढल्या, एवढे सांगता येते. कारण ते समुद्राच्या उष्णतेसारख्या संथ गोष्टींवरही अवलंबून असते. हा अंदाज म्हणजे तारीख नव्हे, वजनाचे माप आहे.

आणि ह्याच ठिकाणी विस्तारकार्याची खरी कसोटी लागते. ‘पावसाची शक्यता शेकडा ७०’ हा संदेश गावात पोचेपर्यंत ‘पाऊस येणार’ असा होऊन जातो. वास्तविक त्याचा अर्थ असा की, असा संदेश दहा वेळा आला तर सात वेळा पाऊस येईल आणि तीन वेळा येणार नाही. ते तीन प्रसंगही अंदाजातच सांगितलेले आहेत. तेव्हा ‘पेरा’ वा ‘थांबा’ असा एकच हुकूम साऱ्या गावास देणे चूक होय. कारण एकाच अंदाजाचे उत्तर दोन शेतकऱ्यांसाठी निराळे असू शकते.

हे हिशेबानेच पाहावे. समजा, एका कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी वाया गेली तर त्याचे एकरी ६,००० रुपये बुडतात. आणि तो थांबला व पाऊस मात्र आला, तर उशिरामुळे उत्पन्नात एकरी २,००० रुपयांची घट येते. पावसाची शक्यता शेकडा ७० असता पेरल्यास त्याचे सरासरी नुकसान ६,००० चे शेकडा ३०, म्हणजे १,८०० रुपये. थांबल्यास २,००० चे शेकडा ७०, म्हणजे १,४०० रुपये. त्याने थांबावे हे बरे. त्याच्यासाठी पेरणीचा उंबरठा शेकडा ७५ आहे. आता शेजाऱ्याकडे विहीर आहे. पाऊस लांबला तर एक संरक्षित पाणी देण्यास त्यास एकरी १,००० रुपये लागतील, पेरणी मात्र वाचेल. पेरल्यास त्याचे सरासरी नुकसान केवळ ३०० रुपये, थांबल्यास १,४०० रुपये. त्याने निःशंक पेरावे. त्याचा उंबरठा शेकडा ३३ च्या आसपासच येतो. आकडे प्रत्येक गावी व प्रत्येक पिकास निराळे येतील, पण रीत हीच. गावपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्यातच आठ-दहा शेतकऱ्यांबरोबर बसून हे दोन आकडे, वाया जाणाऱ्या पेरणीचा आणि उशिराचा, काढून ठेवावेत. मग जूनमध्ये संदेश आला म्हणजे प्रत्येकास आपला उंबरठा ठाऊक असेल, आणि विहीर असलेल्याचे पाहून विहीर नसलेला पेरणार नाही.

ह्या बाबतीत तेलंगणातील एका संशोधनाचा दाखला उपयोगी आहे. तेथील २५० गावांत काही शेतकऱ्यांना पावसाळा लागण्याचा अंदाज बराच आधी देण्यात आला व काहींना देण्यात आला नाही. शेतकऱ्याची स्वतःची अपेक्षा काय होती, हेही आधी विचारून घेण्यात आले होते. ज्यांना अपेक्षेपेक्षा वाईट बातमी मिळाली त्यांनी लागवडीखालील क्षेत्र सुमारे एक-पंचमांशाने कमी केले, आणि ज्यांना चांगली बातमी मिळाली त्यांनी निविष्ठांवरील खर्च वाढविला. अंदाजाचा परिणाम कोऱ्या पाटीवर होत नाही, शेतकऱ्याच्या मनात आधीच असलेल्या अंदाजावर होतो, हे त्यातून दिसते. महाराष्ट्रात तो आधीचा अंदाज मृगाच्या नक्षत्रावर व त्याच्या वाहनावर बांधलेला असतो. त्याची थट्टा करणाऱ्या कार्यकर्त्याचे गाव ऐकणार नाही. ‘मृगात पाऊस येईल असे आपणास किती वाटते?’ असे आधी विचारून मग यंत्राचा आकडा सांगणारा कार्यकर्ता अधिक काम करून जाईल.

अंदाजावर गावाचे नाव छापलेले असले म्हणजे तो त्या गावात मोजला गेला, असेही समजू नये. शासनाने ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय हवामान अंदाज उपलब्ध केला, ही चांगलीच सोय आहे. परंतु नव्या प्रणालींपैकी बारीक चौकटीच्या प्रणालीही सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांच्या चौकोनावर हिशेब करतात. काहींची चौकट त्याहून पुष्कळ मोठी आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळास तालुक्यांच्या संख्येने भागले तर सरासरी तालुका जवळजवळ तेवढ्याच चौकोनात बसतो. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सारा तालुका एक शेत आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेस पंचवीस-तीस किलोमीटरांवरील वाईस हजार मिलिमीटरही पडत नाही. अशा मुलखात एका चौकोनाचा एक आकडा कोणाच्या शिवारास लागू करावयाचा?

ही तफावत भरून काढण्याचे साधन प्राचीन आहे. ते म्हणजे पर्जन्यमापक. राज्यात महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली आहेत, आणि केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे धोरण आहे. तोपर्यंत शाळेच्या वा पंचायतीच्या आवारातील साधा पर्जन्यमापकही पुष्कळ काम देईल. फक्त तो झाडाच्या वा भिंतीच्या आडोशास नसावा, त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावा, आणि रोज सकाळी साडेआठ वाजताच वाचला जावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे सांगितले म्हणजे आकड्यास वजन येते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, हा कृषि विभागाचा नियम यंत्र आल्याने रद्द होत नाही. नियम जमिनीत साठलेली ओल सांगतो, यंत्र पुढे येणाऱ्या पावसाची शक्यता सांगते. एक हातातली रक्कम, दुसरी येणे बाकी. दोन्ही पाहिल्याशिवाय व्यवहार करणारा वाणी गावात टिकत नाही. आणखी असे की, ज्या १२५ वर्षांच्या नोंदींनी २०२५ चा अंदाज भारताच्या जमिनीवर आणला, त्या कोणीतरी पावसात उभे राहून वाचलेल्या आकड्यांच्या आहेत. आज भरलेली नोंदवही हे उद्याच्या यंत्राचे बियाणे आहे, आणि खोटी भरलेली वही हे बोगस बियाणे.

इतके सारे झाल्यावरही मधल्या माणसाचा प्रश्न उरतो. कृषि विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषि-हवामान केंद्रे उघडण्यात आली होती; देशात त्यांची संख्या १९९ झाली होती. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याचा अंदाज पाहून पिकानुसार सल्ला तयार करणे हे त्यांचे काम. सल्ला यंत्राकडूनच तयार होऊ शकतो, ह्या विचाराने २०२४ साली ती बंद करण्याचा निर्णय झाला. हा विचार उलटा आहे. अंदाज काढण्याचे काम यंत्राने माणसाहून चांगले करून दाखविले आहे. म्हणून तेथील माणूस मोकळा होतो हे खरे. परंतु अंदाज जितका शक्यतेच्या भाषेत बोलू लागतो, तितकी त्याचा अर्थ लावणाऱ्या माणसाची गरज वाढते. कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांची पाण्याची ओढ सारखी नाही. भारी काळी जमीन आणि मुरमाड माळ एकाच पावसाने सारखे भिजत नाहीत. दूरध्वनी बहुधा घरातील पुरुषाच्या नावे असतो. मात्र पुष्कळ घरांतून बियाणे राखणारी व टोकण करणारी बाई असते, आणि तिच्यापर्यंत संदेश जातच नाही. महासंगणकावर शेकडो कोटी रुपये खर्च करणाऱ्या देशाने जिल्ह्याच्या ठिकाणचा एक हवामानतज्ज्ञ आणि एक निरीक्षक परवडत नाही असे म्हणू नये.

शेवटी हिशेबवहीचा प्रश्न राहतो. रिचर्डसन ह्यांनी आपले चुकलेले उत्तर छापले, म्हणूनच पुढच्यांना चूक कोठे आहे ते शोधता आले. चांगल्या अंदाजाची घोषणा होते, चुकलेल्या अंदाजाची होत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. आणि एकदा फसलेला शेतकरी पुढील पाच संदेश न वाचताच पुसून टाकतो. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस तालुकावार तक्ता निघाला पाहिजे: कोणत्या तारखेस कोणता संदेश गेला, त्यात शक्यता किती सांगितली होती, आणि मंडळातील पर्जन्यमापकाने पुढील दोन आठवड्यांत काय नोंदविले. शेकडा सत्तर म्हटलेल्या प्रसंगांपैकी खरोखरच सत्तरच्या आसपास खरे ठरले काय, एवढेच त्यात पाहावयाचे आहे, आणि ते चौथी शिकलेल्या शेतकऱ्यासही पाहता येईल. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर गावाच्या पाऊस-नोंदीशेजारी लावावा. तो मार्चअखेर लागला, तर पुढच्या रोहिणीत येणाऱ्या संदेशास किती मान द्यावयाचा, हे गाव स्वतःच ठरवील.